सत्ता वरची असो की खालची, आमच्या वस्तीचे काय?

पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेचे पाणी चढू लागले की दोन गोष्टी हमखास सुरू होतात. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या भागांतली माणसे अंथरूण-पांघरूण, गॅसची टाकी आणि पोरांची दप्तरे घेऊन महापालिकेच्या शाळांकडे निघतात. आणि त्याच वेळी पुढाऱ्यांचे भांडण जुंपते. महापालिका म्हणते, धरणाचे दरवाजे आमच्या हातात नाहीत. पाटबंधारे खाते म्हणते, पूररेषेत बांधकामाला परवानगी आम्ही दिली नाही. मुंबई म्हणते, कर्नाटकाला विचारा. पाणी ओसरले की भांडणही ओसरते. चिखल तेवढा मागे उरतो आणि तो उपसायला आमचीच माणसे लागतात.

२०१९ च्या महापुरानंतर आम्ही पूरग्रस्त भागात फिरत होतो. एक मावशी भिजलेली रेशनकार्डे दोरीवर वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "एका हापिसानं दुसऱ्या हापिसात धाडलं, तिथनं परत पहिल्यात. पाणी घरात आलं तवा त्यानं कुठं इचारलं, बाई तू कुणाच्या हद्दीत हायेस म्हणून?"

मावशींच्या या सवालात आजच्या लेखाचा विषय आला. शहरांचे प्रश्न कोणी सोडवायचे? ज्या त्या शहराच्या नगरपालिकेने, की अनेक शहरे-गावे मिळून झालेल्या वरच्या सत्तेने? या प्रश्नावर विद्वानांचे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, सर्व अधिकार खाली द्या, गावचा कारभार गावाला कळतो. दुसरा पक्ष म्हणतो, नदी, कचरा, रस्ते, रोगराई यांना हद्द नसते, म्हणून वर एक प्राधिकरण नेमा आणि त्याच्या हाती सारे सोपवा. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकायला गोड आहे. परंतु या दोन्ही पक्षांनी एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवली आहे, ती म्हणजे जात. खाली सत्ता दिली तर ती कोणाच्या हातात जाते आणि वर नेली तर तिथे कोण बसतो, हे विचारल्याशिवाय आंबेडकरी माणसाला या वादात बाजू घेता येणार नाही.

आणि हा सवाल विचारण्याचा पहिला अधिकार साताऱ्याचा आहे. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पूर्वी एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हा कापला गेला, नदी मात्र कापता आली नाही. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाईवरून येते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा तिला मिळते, कराडला कोयना मिळते आणि पुढे ती सांगली-मिरजेच्या दारात येते.

याच जिल्ह्यात बाबासाहेबांचे बालपण गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. पुढच्याच वर्षीची गोष्ट. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. त्या कामाच्या मजुरीचा पैसा सुभेदारांच्या हातून वाटला जात होता. त्यांना भेटायला भिवा, त्याचे भाऊ आणि भाचा असे रेल्वेने मसूरला उतरले. पुढचा प्रवास बैलगाडीचा. गाडीवानाने विटाळाच्या भीतीने गाडी हाकायला नकार दिला, तेव्हा मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि तो शेजारून चालला. रात्री टोलनाक्यावर पोहोचल्यावर मुलांनी आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागितले, तरी नाकेदाराने पाणी दिले नाही. डबा सोबत होता, पण पाण्यावाचून तो तसाच राहिला. हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या लेखनात स्वतः लिहून ठेवला आहे.

वाचकहो, या प्रसंगाकडे नीट पाहा. तलाव काढणारे सरकार वरचे होते. त्याने खजिन्याची किल्ली एका महार सुभेदाराच्या हाती दिली होती. त्याच सुभेदाराच्या पोरांना घोटभर पाणी नाकारणारा नाकेदार खालचा होता, स्थानिक होता, त्या रस्त्यावरचा होता. तलाव कोणी खोदला आणि पाणी कोणाच्या हातून मिळणार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहराच्या कारभाराचा सगळा वाद या दोन गोष्टींमधला आहे.

पुढे महाडला हेच मोठ्या प्रमाणावर घडले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव होता. पण अंमल कोणी करायचा? तो नगरपालिका आणि लोकल बोर्डांवर सोडला. बहुतेकांनी कागद फायलीत ठेवला. म्हणून १९२६ साली बोले यांना पुन्हा उठून सांगावे लागले की, ज्या संस्था हा ठराव पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करा. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला खरा, पण तळ्यावर जाण्याची सोय केली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली, तेव्हा कागदावरचा ठराव पहिल्यांदा जमिनीवर उतरला. मग काय झाले? त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला! पुढे कोर्टकज्जे झाले आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल आमच्या बाजूने दिला. म्हणजे खालच्या सत्तेने जे हिसकावले ते मिळवायला दहा वर्षे आणि वरचे न्यायालय लागले.

'गावाचा कारभार गावाला' असे जे गळा काढून सांगतात त्यांना आम्ही महाडची आठवण करून देतो. त्या नगरपालिकेत महाडचेच लोक बसलेले होते. कारभार स्थानिकच होता!

म्हणूनच १९३२ साली ग्रामपंचायत विधेयक कायदेमंडळात आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. प्रौढ मताधिकार आणि अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व असल्याशिवाय गावाच्या हाती अधिकार देणे म्हणजे आम्हाला बहुसंख्याकांच्या दावणीला बांधणे आहे, असा त्या विरोधाचा अर्थ होता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणातही त्यांनी गाव हा राज्यघटनेचा पाया मानायला ठाम नकार दिला आणि व्यक्ती हा पाया मानला. गावाचे गोडवे गाणाऱ्यांना ते भाषण आजही झोंबते.

यावरून काही विद्वान घाईने निष्कर्ष काढतात की, बाबासाहेब केंद्रीकरणाचे कैवारी होते, सत्ता जेवढी वर तेवढी बरी. हाही निष्कर्ष चुकीचा आहे. १९५५ साली भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांनी एकच अवाढव्य महाराष्ट्र नको, लहान राज्ये करा, असे मांडले होते. कारण मोठ्या राज्यात एका मोठ्या जातीच्या बहुमताखाली लहान समाज चिरडले जातात हे त्यांना दिसत होते. म्हणजे सत्ता वर आहे की खाली, यापेक्षा तिथे दुर्बळाला जागा आणि संरक्षण आहे की नाही, हे त्यांचे माप होते.

आणि नदीच्या बाबतीत तर त्यांनी मार्गच घालून दिला आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर नदीच्या महापुराने बंगाल-बिहार हैराण झाले होते. एक प्रांत वर, दुसरा खाली, दोघांचे पटेना. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यात दोन्ही प्रांतांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी भूमिका मांडली की, नदी तुकड्या-तुकड्यांनी सांभाळता येत नाही. पूर, सिंचन, वीज, जलवाहतूक या सर्वांचा एकत्र विचार करणारी एकच संस्था हवी. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचे उदाहरण डोळ्यांपुढे होते. त्यातून पुढे १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. आज ज्याला खोरेनिहाय नियोजन म्हणून परदेशी तज्ज्ञांच्या नावावर खपवले जाते, ते या देशात कोणी रुजवले हे आमच्या पोरांना शाळेत शिकवत नाहीत. म्हणून ते येथे सांगावे लागते.

आता हे माप लावून सातारा-सांगलीकडे पाहू.

साताऱ्याची हद्दवाढ घ्या. शहर कधीचे हद्दीबाहेर गेले होते. शाहूपुरी, विलासपूर अशी उपनगरे वसली. माणसे कामाला, शाळेला, दवाखान्याला शहरात आणि घर ग्रामपंचायतीत. सुमारे चाळीस वर्षे हद्दवाढीचे घोंगडे भिजत पडले, शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने मंजुरी दिली. शहराला पाणी देणार नगरपालिका, कास आणि शहापूर योजनेतून. उपनगरांना पाणी देणार राज्याचे जीवन प्राधिकरण. एकाच रस्त्याच्या अलीकडे एका सत्तेचा नळ आणि पलीकडे दुसऱ्या सत्तेचा. नळाला पाणी आले नाही तर अलीकडचा माणूस नगरसेवकाला गाठू शकतो. पलीकडच्याने कोणाला गाठायचे? प्राधिकरणाचा अभियंता मत मागायला दारात येत नाही. एवढी वर्षे हद्दवाढ अडली कशाने? हद्दीबाहेरच्यांना वाढीव घरपट्टीची भीती आणि हद्दीतल्या पुढाऱ्यांना मतांच्या गणिताची. या खेचाखेचीत सीमेवर झोपडी टाकून राहिलेल्या मजुराला ना पंचायतीचा रस्ता मिळाला, ना पालिकेचे गटार.

सांगलीत उलटा प्रयोग झाला. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र करून एक महापालिका केली. तीन गावांचे प्रश्न एकच आहेत, म्हणून कारभार एक करा, हा विचार चुकीचा नव्हता. परंतु कारभार एक झाल्याने न्याय आपोआप येतो का? २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पाच लाखांवर गेली. कारखान्यांत राबणाऱ्या कुपवाडच्या ड्रेनेजचे गुऱ्हाळ मात्र महापालिका झाल्यावर वीस वर्षांहून अधिक काळ चालले. सांगलीचा शेरीनाला शहराची घाण वर्षानुवर्षे कृष्णेत ओतत राहिला आणि प्रत्येक निवडणुकीत तो आश्वासनाचा विषय झाला. तीन गावे एक झाली, पण त्यात वजनदार गावाचे वजन वाढले आणि हलक्याचे हलकेच राहिले. मोठी सत्ता केली आणि आत वाटणीचा नियम केला नाही, की असेच होते.

कचऱ्याचे पाहा. साताऱ्याचा कचरा सोनगावकडे, मिरजेचा बेडग रस्त्याला. शहराने खायचे आणि उष्टे गावाच्या शिवारात टाकायचे! गावाने तक्रार केली तर शहर म्हणते, डेपो आमच्या मालकीचा. त्या धुरात, त्या ढिगाऱ्यावर काच-पत्रा वेचणाऱ्या बाया कोणत्या समाजाच्या आहेत, हे आम्ही सांगायला हवे का? येथे शहराच्या हातची सत्ता गावावर अन्याय करते, म्हणून वरचा नियम हवा असे आम्ही म्हणतो. परंतु त्याच बेडगची दुसरी बाजूही आम्हाला विसरता येत नाही. २०२३ च्या जूनमध्ये बेडगमध्ये बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान ग्रामपंचायतीने पाडली. आमचे बांधव घरांना कुलपे लावून, बाया-पोरे बरोबर घेऊन मुंबईच्या दिशेने चालत निघाले. शहराचा कचरा सोसणारे गावसुद्धा आपल्याच गावातल्या माणसांशी असे वागते. म्हणून शहर विरुद्ध गाव, वर विरुद्ध खाली, या भांडणात आम्हाला कोणी गृहीत धरू नये.

आता पुराकडे येऊ. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली सांगली बुडाली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावाच्याच बोटीतून बाहेर पडणारी माणसे बोट उलटून बुडाली, त्यात बायका होत्या, लेकरे होती. २०२१ साली पुन्हा तेच. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात आलमट्टीला थेट दोषी धरलेले नाही, नदीपात्रातील आणि पूररेषेतील अतिक्रमणांवर मात्र बोट ठेवले आहे. इकडे कर्नाटकाने आलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा चंग बांधला आहे आणि त्याविरुद्ध सांगली-कोल्हापुरात आंदोलने झाली. त्या आंदोलनांची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आलमट्टीकडे बोट दाखवताना आपल्या अंगणातली भरावाची माती लपवता येणार नाही.

सांगली महापालिका एकटी या पुराला काय करणार? १०५ टीएमसीचे कोयना धरण साताऱ्याच्या पाटण तालुक्यात, त्याचे दरवाजे राज्याच्या जलसंपदा खात्याच्या हाती, आलमट्टी दुसऱ्या राज्यात. म्हणून विसर्ग किती, कधी, कोणाला कळवून, हे खोऱ्याच्या पातळीवरच ठरले पाहिजे. यात शंका नाही. परंतु पूररेषेच्या आत बिल्डरला भराव टाकू द्यायचा की नाही, नाले बुजवून प्लॉट पाडायचे की नाही, हे कोठे ठरते? महापालिकेत! तिथे वरून कोणी हात धरला नव्हता. स्थानिक सत्तेनेच नदीची जागा विकली. आणि झोपडपट्टीला मात्र 'अतिक्रमण' हे नाव बिल्डरच्या आधी मिळाले. आम्ही पूररेषेच्या बाजूने आहोत. पण त्या रेषेचा फटका आधी कोणाला बसतो, यावर आमची नजर आहे. पुनर्वसनाची जागा दाखवल्याशिवाय वस्तीला हात लावायचा असेल, तर आधी बंगल्यांना हात लावा.

आणि पूर ओसरल्यावर? २०१९ मध्ये इतर महापालिकांचे सफाई कामगार सांगलीत आले आणि इथल्या कामगारांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी कुजलेले धान्य, मेलेली जनावरे, गुडघाभर गाळ उपसला. शहरांनी एकमेकांना मदत करावी याचे हे मोठे उदाहरण म्हणून वर्तमानपत्रांनी कौतुक केले. कौतुक योग्यच आहे. पण वाचकहो, शहरांच्या या सहकार्यात प्रत्यक्ष हात कोणाचे होते? कायम नोकरी किती जणांना, आणि ठेकेदाराच्या मस्टरवर किती? हातमोजे आणि गमबूट किती जणांना मिळाले? हा हिशेब कोणत्याही पातळीवरच्या सत्तेने जनतेपुढे ठेवलेला नाही.

मनात आले तर हद्दी आड येत नाहीत, हेही आम्ही पाहिले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, सुमारे ३४० किलोमीटर प्रवास. रेल्वे केंद्राची, पाणी सांगली जिल्ह्याचे, टाक्या लातूरच्या. तेव्हा कोणी म्हणाले नाही की हे आमच्या अधिकारात बसत नाही. मग मिरजेहून लातूरला जाणारे पाणी त्याच मिरजेच्या मागच्या वस्तीत रोज दोन तास का येत नाही?

खालची सत्ता नेहमीच वाईट असते असेही आम्ही मानत नाही. सांगली जिल्ह्यातच खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. गावकऱ्यांनी चळवळ करून, सरकारशी भांडून ते बांधले आणि पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही द्यायचा असे ठरवले. जमीन नाही म्हणून पाणी नाही, हा हजारो वर्षांचा कायदा तिथे माणसांनी मोडला. स्थानिक कारभार न्यायाचा होऊ शकतो, पण तो आपोआप होत नाही. आधी वाटणीचा नियम ठरवावा लागतो, मग धरण बांधावे लागते.

दुसऱ्या बाजूने इंग्लंडचा धडा घ्या. तिथे पूर्वी पाणी आणि सांडपाणी नगरपालिकांकडे होते. १९७३ च्या कायद्याने ते काढून घेऊन १९७४ पासून नद्यांच्या खोऱ्याप्रमाणे दहा प्रादेशिक प्राधिकरणे केली. शास्त्राच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. पण लोकांचा नगरसेवक त्या खुर्चीपासून दूर गेला. आणि पंधरा वर्षांनी, १९८९ साली, त्या प्राधिकरणांचे खाजगीकरण झाले. आज त्या कंपन्या नद्यांत मैला सोडतात म्हणून तिथली जनता बोंबलते आहे. लोकांच्या हातून काढून वर नेलेली वस्तू विकायला सोपी जाते. खाजगीकरणाने राखीव जागा गिळताना पाहिलेल्या आमच्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

मग आपल्या घटनेत या प्रश्नाला उत्तर आहे का? आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने नगरपालिकांत अनुसूचित जातींना लोकसंख्येप्रमाणे राखीव जागा दिल्या. १९३२ साली बाबासाहेब जे मागत होते ते साठ वर्षांनी शहराच्या कारभारात आले. त्याच दुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती सांगितली. शहरे आणि गावे यांच्या सामायिक प्रश्नांचा, म्हणजे जागेच्या नियोजनाचा, पाण्याच्या वाटणीचा, पायाभूत सोयींचा आणि पर्यावरणाचा विचार करून जिल्ह्याचा आराखडा करणे हे तिचे काम. तिचे किमान चार पंचमांश सदस्य नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत. म्हणजे वर आणि खाली यांना जोडणारी खुर्ची घटनेत तयार आहे!

पण महाराष्ट्रात त्या खुर्चीवर कोण बसतो? पालकमंत्री. तो मुंबईतून नेमला जातो आणि अनेकदा जिल्ह्याबाहेरचाही असतो. समितीची बैठक म्हणजे निधी वाटपाचा बाजार झाला आहे. आणि खालून येणारे सदस्यच नसतील तर? साताऱ्याच्या नगरपालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली, जिल्हा परिषदांची २०२२ च्या मार्चमध्ये, सांगलीच्या महापालिकेची ऑगस्ट २०२३ मध्ये. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या असे घटना सांगते. येथे वर्षानुवर्षे प्रशासक बसवले. ओबीसी आरक्षणाचा वाद निमित्ताला होता. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले, तेव्हा चक्र हलले. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांसाठी आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांसाठी मतदान झाले. मधल्या काळात राखीव जागेवरचा आमचा नगरसेवक नव्हता, आमची नगरसेविका नव्हती. वस्तीतली बाई तक्रार घेऊन गेली तर समोर साहेब. साहेबाला तिच्या मताची गरज नाही. आम्ही विचारतो, स्थानिक कारभाराचे गोडवे गाणारे तेव्हा कुठे होते?

टीका पुष्कळ झाली. आता आमच्या मागण्या.

पहिली. वाई, सातारा, कराडपासून सांगली-मिरजेपर्यंत कृष्णाकाठच्या सर्व शहरांचे आणि गावांचे एक खोरे मंडळ हवे. वाईचे सांडपाणी सातारकरांच्या, साताऱ्याचे कराडकरांच्या आणि सर्वांचे सांगलीकरांच्या नळाच्या दिशेने जाते. साखर कारखान्यांच्या मळीने मासे मरतात, तेव्हा प्रत्येकजण वरच्या गावाकडे बोट दाखवतो. हे एका टेबलावर बसल्याशिवाय थांबणार नाही. पण हे मंडळ अधिकाऱ्यांचे आणि मंत्र्यांच्या जावयांचे नको. ते निवडून आलेल्या सदस्यांचे असावे, त्यात अनुसूचित जाती-जमाती, भटके, ओबीसी आणि महिलांच्या जागा कायद्याने राखीव असाव्यात. पूरपट्ट्यातील वस्त्यांचे प्रतिनिधी मतासह बसावेत, निमंत्रित म्हणून चहा पिण्यासाठी नव्हे.

दुसरी. बोले यांची १९२६ ची सूचना आज अमलात आणा. जी संस्था दलित वस्तीला पाणी, गटार, शौचालय देणार नाही तिचे अनुदान रोखा. महापालिका-नगरपालिकांनी ५ टक्के, ग्रामपंचायतींनी १५ टक्के आणि जिल्हा परिषदांनी २० टक्के निधी मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा आहे. तो कुठे खर्च झाला याचा फलक त्या त्या वस्तीत लागला पाहिजे. अनुदान रोखताना शिक्षा वस्तीला होऊ नये, म्हणून ते काम वरच्या सत्तेने परस्पर करून पालिकेकडून वसूल करावे.

तिसरी. वॉर्डाची सभा. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या घटनेने सांगितल्या आहेत. क्षेत्रसभेची तरतूदही राज्याच्या कायद्यात आली आहे. तरी वस्तीला सभेची नोटीस कधी आलेली नाही. ती आली पाहिजे.

चौथी. सफाईचे काम कोणत्याही सत्तेचे असो, कामगार कायम असला पाहिजे. गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ठेकेदार बदलून तो गुन्हा पुसला जात नाही.

आणि शेवटचे आमच्या लोकांसाठी. महात्मा जोतीराव फुल्यांचे मूळ गाव याच सातारा जिल्ह्यातले कटगुण. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि पुढे १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य म्हणून काम केले. आपला हौद खुला करून ते थांबले नाहीत, गावाचा हौद कोण चालवतो त्या सभेत जाऊन बसले. निवडणुका होऊन गेल्या आहेत. राखीव जागेवर निवडून आलेले आपलेच भाऊ-बहीण आता सभागृहात आहेत. त्यांना हार घालून झाले असतील तर त्यांच्या हातात आता वस्तीच्या गटाराचा नकाशा द्या. पहिल्या पावसाआधी अर्ज द्या, पोच घ्या, पोच जपून ठेवा. दोरीवर रेशनकार्ड वाळत घालणाऱ्या त्या मावशींना पुन्हा एका हापिसातून दुसऱ्या हापिसात जावे लागले, तर तो दोष फक्त वरच्यांचा किंवा खालच्यांचा नसेल. निवडून दिल्यावर पाच वर्षे जाब न विचारणाऱ्या आपल्या सर्वांचाही असेल.

जयभीम.